वाय-फाय एक, यंत्रं नाना तऱ्हेची

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. घरात पाच माणसं: त्या, यजमान, सासूबाई, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि डिझाइन शिकणारी मुलगी. यजमान घरूनच लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं भरण्याचं काम करतात. त्यांचा डेस्कटॉप जुना, विंडोज ७ वर चालणारा. मुलगी मॅकबुक वापरते, मुलाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि ताईंकडे ऑफिसने दिलेला विंडोजचा लॅपटॉप आहे. शिवाय टीव्ही आणि गॅलरीतले दोन कॅमेरेही याच वाय-फायवर आहेत. मुलाने कुठेसं वाचून राउटरवर डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा लावली, तर बाबांचा डेस्कटॉप आणि घरातला प्रिंटर दोन्ही वाय-फायपासून तुटले. महिनाअखेर होती. बाबांनी वैतागून केबलवाल्याच्या माणसाला बोलावलं. त्याने "सगळ्यांना चालेल असं" काहीतरी करून दिलं. तेव्हापासून इंटरनेट मंदावलंय. कनेक्शन १०० एमबीपीएसचं, पण मोजलं की २०-२२ च्या वर जात नाही. मुलीचा मॅक 'सुरक्षा कमकुवत' असं सांगतो. मुलाने राउटरवर पाहिलं तर १५ उपकरणं जोडलेली दिसली. लॉकडाऊनमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या नातवाला ऑनलाइन शाळेसाठी पासवर्ड दिला होता, तो परत कधी बदललाच नाही. ताईंना वाटतं, वेग तिथेच जातोय, आणि आपले बँकेचे व्यवहारही कुणी पाहत असेल. वाय-फायचं नाव लपवावं का, ठरावीक उपकरणांनाच आत घ्यावं का, प्रत्येक यंत्राला अँटिव्हायरस विकत घ्यावा का, आणि मुलगा बरोबर की त्याचे बाबा, हे त्यांनी विचारलंय. शेवटी एक ओळ आहे: "काकूंना नाही कसं म्हणू? हल्ली त्यांच्या गॅलरीतही केबलची वायर आलेली दिसते, पण विचारायला संकोच वाटतो."

ताई,

तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मी एकाखाली एक ठेवून पाहिली. केबलवाल्याच्या माणसाने काहीतरी केलं. त्यानंतर वेग २०-२२ वर आला. मॅक म्हणतो, सुरक्षा कमकुवत आहे. या तिन्हींचं कारण बहुधा एकच आहे आणि ते खालच्या मजल्यावर नाही, तुमच्याच राउटरमध्ये आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होऊ नये म्हणून आधी तेच सांगते.

वाय-फायच्या कुलपांच्या पिढ्या आहेत. पहिलं डब्ल्यूईपी. त्यातली मूळ खोट २००१ मध्येच उघड झाली. मग घाईने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं. ते माहिती सांकेतिक करण्याच्या टीकेआयपी नावाच्या पद्धतीवर चालायचं आणि जुन्याच यंत्रांवर बसावं म्हणून केलेली ती डागडुजी होती. २००४ मध्ये डब्ल्यूपीए२ आलं. त्यात एईएस ही भक्कम पद्धत होती आणि २००६ पासून वाय-फायचं अधिकृत प्रमाणपत्र हवं असलेल्या प्रत्येक नव्या उपकरणाला ती सक्तीची झाली. डब्ल्यूपीए३ हे २०१८ चं. आता यातली गंमत नव्हे, अडचण अशी, की राउटरवर टीकेआयपी किंवा डब्ल्यूईपी निवडलं तर नंतरच्या काळातले वेग वापरायची परवानगी वाय-फायच्या नियमातच नाही. जोडणी जुन्या ५४ एमबीपीएसवर उतरते, आणि कागदावरच्या ५४ मधून हातात पडतात वीसेक. तुमचा आकडा अगदी तोच आहे. ॲपलची उपकरणंही नेमक्या याच जुन्या कुलपांबद्दल इशारा देतात.

म्हणजे त्या माणसाने एका डेस्कटॉपसाठी अख्ख्या घराला वीस वर्षं मागे नेलं. आणि तेही गरज नसताना. कारण विंडोज ७ ला डब्ल्यूपीए३ येत नाही हे खरं, पण डब्ल्यूपीए२ एईएससकट उत्तम येतं. प्रिंटरलाही बहुधा येत असेल. एक पायरी खाली उतरायची होती, तिथे तो तळघरात जाऊन पोचला.

तेव्हा मुलगा बरोबर की बाबा, याचं उत्तर: मुलाचा हेतू बरोबर, बाबांची तक्रार बरोबर, आणि दोघांच्या मध्ये एक जागा होती ती कुणी पाहिली नाही. राउटरवर 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय असेल तर तो निवडा. मॅक, लिनक्स, नवे फोन वरच्या कुलपाने जोडले जातील, जुनी यंत्रं खालच्या. काही प्रिंटर या मिश्र पर्यायालाही अडखळतात. तुमचा तसा निघाला तर सरळ 'डब्ल्यूपीए२' आणि सोबत फक्त 'एईएस' निवडा. टीकेआयपी हे नाव जिथे जिथे दिसेल, 'टीकेआयपी + एईएस' अशा जोडीतसुद्धा, ते घेऊ नका. पासवर्ड चांगला असेल तर घरासाठी डब्ल्यूपीए२ आजही कमी नाही. डब्ल्यूपीए३ नाही म्हणजे आपण उघड्यावर पडलो, असं मुलाला वाटत असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

पासवर्डबद्दल मात्र मला थोडं थांबायचंय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण केबलवाल्याने पासवर्ड टाकला असेल तर तो बहुधा तुमच्यापैकी कुणाचा मोबाईल नंबर असेल. आपल्याकडे जवळजवळ घरोघरी हेच असतं: आडनाव हे नाव, मोबाईल नंबर हा पासवर्ड. डब्ल्यूपीए२ ची दुखरी जागा इथे आहे. तुमचा फोन राउटरशी जोडला जाताना जी सुरुवातीची देवघेव होते, ती जवळपास बसलेला माणूस हवेतून टिपून घेऊ शकतो आणि घरी नेऊन सावकाश एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. तुमच्या राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. भारतातले मोबाईल नंबर ६ ते ९ पैकी एका आकड्याने सुरू होतात, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटी. ऐकायला अफाट वाटतात, पण गेम खेळायच्या चांगल्या संगणकाला ते काही तासांचं काम आहे. शिवाय तुमचा नंबर ज्याच्याकडे आहे त्याला तेवढेही कष्ट नाहीत.

पासवर्डला ८ ते ६३ अक्षरं चालतात. एकमेकांशी काहीही संबंध नसलेले चार-पाच शब्द रोमन लिपीत सलग लिहा. हळकुंड, सायकल, भाद्रपद, इस्त्री, मोरपीस, अशा धर्तीचे. (हेच घेऊ नका, आता ते छापून आले.) देवाची, मुलांची, गावाची नावं टाळा. सासूबाईंनाही लक्षात राहील आणि टीव्हीच्या रिमोटवरून टाकता येईल, इतपत सोपा ठेवा. आणि खुशाल कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. घरात लिहून ठेवलेला चांगला पासवर्ड तोंडपाठ असलेल्या मोबाईल नंबरापेक्षा कधीही बरा.

राउटरचा स्वतःचा एक वेगळा पासवर्ड असतो, सेटिंग बदलण्यासाठी लागणारा. तो बहुतेक ठिकाणी कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने जगभरातले कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले, ते काही मोठी विद्या वापरून नव्हे. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्यांची यादी त्याच्याकडे होती आणि ती तो दारोदार लावून पाहत होता. तुमच्या गॅलरीतले दोन कॅमेरे आणि राउटर, या तिघांचे पासवर्ड आधी बदला. त्याच बैठकीत 'डब्ल्यूपीएस' बंद करा. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडायची ती सोय आहे. आठ आकडी असल्याने भक्कम वाटते, पण राउटर ती पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरूनच ठरतो. त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. ही गोष्ट २०११ पासून जगजाहीर आहे. राउटरचं सॉफ्टवेअर अद्ययावत करायचा पर्याय दिसला तर तो वापरा. केबलवाल्याने दिलेला राउटर असेल आणि पर्याय कुलूपबंद असेल, तर त्यांना फोन करून विचारा.

एक अनुभव सांगते. माझ्याकडे लाइन बंद पडली म्हणून आलेल्या माणसाने राउटरच्या मागचं बारीक बटण टाचणीने दाबलं आणि लाइन सुरू करून गेला. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की सगळं पहिल्यासारखं झालंय, कारखान्याचा पासवर्डसुद्धा. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्या दृष्टीने काम झालं होतं. पण तेव्हापासून राउटरला कुणाचाही हात लागला की त्याच संध्याकाळी मी सेटिंग उघडून पाहते. तुम्हीही पाहा.

आता डेस्कटॉप. इथे मला तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी असलेली एक समजूत हलवायची आहे. तुम्ही, मुलगा, यजमान, तिघंही बाहेरच्या दाराबद्दल भांडताय. पण वाय-फायचं कुलूप फक्त बाहेरून हवेतून येणाऱ्याला अडवतं. आत आल्यावर घरातली सगळी यंत्रं एकमेकांच्या ओसरीत असतात. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला निरोप दिला. त्यानंतर सापडलेली भोकं घरगुती वापरकर्त्यांसाठी बुजवली जात नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तो नेटवर्कवरून फाइल वाटण्याच्या सोयीतल्या भोकातून एका विंडोजमधून दुसऱ्या विंडोजमध्ये शिरत होता आणि बाधितांत विंडोज ७ वालेच बहुसंख्य होते. ते भोक बुजवणारा तुकडा मार्चमध्येच आला होता, पण असंख्य लोकांनी तो टाकला नव्हता. मॅक आणि लिनक्सला तो व्हायरस लागत नव्हता म्हणून मुलांनी निर्धास्त राहू नये. मॅकवरचं एखादं फोल्डर बाबांच्या डेस्कटॉपला वाटून दिलेलं असेल, तर डेस्कटॉपवर शिरलेला असा व्हायरस त्या फोल्डरमधल्या फायलीही कुलूपबंद करू शकतो.

आणि तुमच्या घरातली सगळ्यात मोलाची माहिती त्याच यंत्रावर आहे, ताई. दहा-वीस व्यापाऱ्यांचे पॅन, बँक खाती, जीएसटीच्या पोर्टलचे पासवर्ड. तुमचे स्वतःचे बँकेचे व्यवहार त्यामानाने सुरक्षित आहेत. बँकेची साइट आणि ॲप यांचा मजकूर तुमच्या फोनपासून बँकेपर्यंत सांकेतिक रूपात गुंडाळलेलाच जातो, वाय-फायवरच्या दुसऱ्या कुणाला तो वाचता येत नाही. व्यापाऱ्यांनी विश्वासाने दिलेले कागद मात्र पाठिंबा संपलेल्या यंत्रावर, रोज इंटरनेटला जोडून ठेवलेले आहेत. मला काळजी त्यांची वाटते.

यजमान हट्टी आहेत असं मी म्हणणार नाही. जुनं हिशेबाचं पॅकेज, वर्षानुवर्षांचा डेटा, कार्बन कॉपीची बिलं काढणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ही सगळी त्या डेस्कटॉपला बांधलेली असतात आणि महिन्याच्या वीस तारखेला प्रयोग करायला कुणाला परवडत नाही. म्हणून मला सगळ्यात पटणारा मार्ग सांगते. हिशेब लिहिणं आणि छपाई जुन्या यंत्रावर चालू राहू द्या, पण त्याचं इंटरनेट काढून घ्या. पोर्टलवर जाणं, विवरणपत्र भरणं, ईमेल, हे नव्या किंवा निदान सुधारणा मिळत असलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर करा. त्यासाठी तुमचा ऑफिसचा लॅपटॉप मात्र वापरू नका. तो तुमचा नाही, त्यावर इतरांच्या कराची कागदपत्रं जाणं दोन्ही बाजूंनी गैर आहे. फाइल पेन ड्राइव्हने न्यावी लागेल. त्यासाठी एकच वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, तो झेरॉक्सच्या दुकानात जाऊ देऊ नका.

नवं यंत्र इतक्यात परवडत नसेल तर मधला मार्ग: राउटरवर 'गेस्ट नेटवर्क' उघडा आणि डेस्कटॉप त्यावर टाका. बहुतेक राउटरांत गेस्टवरच्या यंत्राला इंटरनेट मिळतं, पण घरातली बाकीची यंत्रं दिसत नाहीत. (गेस्टच्या पानावर 'घरच्या नेटवर्कला पोचू द्या' अशा अर्थाची खूण असेल तर ती काढलेली हवी.) यात तुमची बाकीची यंत्रं वाचतात, तो डेस्कटॉप स्वतः वाचत नाही, हे मात्र यजमानांना स्पष्ट सांगा. काहीजण म्हणतील, त्याला वाय-फायऐवजी वायर लावा. वायरने वेग मिळेल, पण वायरवरचं यंत्रही त्याच ओसरीत असतं. त्याने हा प्रश्न सुटत नाही. आणि काहीही केलंत तरी आठवड्यातून एकदा सगळ्या डेटाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून कपाटात ठेवायची. जोडलेली ठेवली तर खंडणीवाला तिलाही कुलूप लावतो.

गेस्ट नेटवर्क उघडलंच तर टीव्ही आणि कॅमेरेही तिकडेच पाठवा. त्यांना सुधारणा क्वचित मिळतात आणि तुमच्या फायलींशी त्यांना काही देणंघेणं नाही. प्रिंटर मात्र घरच्या नेटवर्कवर राहू द्या, नाहीतर मुलांच्या लॅपटॉपला तो दिसणार नाही आणि पुन्हा भांडण होईल.

बाकीच्या यंत्रांचं थोडक्यात. विंडोजवर नेटवर्क 'पब्लिक' की 'प्रायव्हेट' असं विचारतात. लोक घर आहे म्हणून 'प्रायव्हेट' निवडतात. पण इथे 'पब्लिक'चा अर्थ 'मी सार्वजनिक जागी आहे, मला झाकून ठेव' असा आहे. ज्या यंत्रावरून काही वाटायचं नाही त्याला घरातसुद्धा 'पब्लिक'च ठेवा. मॅकची फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्या नको त्या जोडण्या अडवणारी सोय, बऱ्याचदा बंदच असते, मुलीने ती चालू करावी आणि शेअरिंगच्या यादीतल्या नको त्या खुणा काढाव्यात. लिनक्सवर मुलाने शिकताना दूरून लॉगिन करायची सोय चालू केली असेल तर तिचा पासवर्ड '१२३४' नाही ना, एवढं त्याला विचारा. आणि तिघांनाही एक सांगा: प्रिंटर किंवा फाइल शेअरिंग चालत नाही म्हणून फायरवॉल "पाच मिनिटं" बंद करायची नाही. वेगवेगळ्या जातीची यंत्रं एका घरात नांदताना सगळ्यात जास्त भोकं याच पाच मिनिटांत पडतात, कारण ती परत चालू करायची कुणाला आठवत नाही. अँटिव्हायरस प्रत्येकाला विकत घ्यायची गरज मला वाटत नाही. नव्या विंडोजमध्ये तो येतोच. तो पैसा यजमानांच्या नव्या यंत्रासाठी बाजूला टाका.

नाव लपवणं आणि ठरावीक उपकरणांनाच आत घेणं, दोन्ही सोडून द्या. लपवलेलं नाव शोधणाऱ्याला लगेच सापडतं. उलट तुमचे फोन बाजारात, स्टेशनवर, जातील तिथे त्या नावाने हाका मारत फिरतात. आणि ज्यावरून उपकरण ओळखून आत घ्यायचं, तो त्याचा ओळख क्रमांक हवेत उघडा जातो, त्याची नक्कल करता येते. शिवाय आजचे फोन मुद्दाम वेगवेगळे क्रमांक दाखवतात, त्यामुळे चोर राहील बाजूला आणि सासूबाईंचा फोन अडकेल.

राहिली ती १५ उपकरणं. पत्रावरून मोजते: फोन पाच. मॅक, लिनक्स आणि तुमचा ऑफिसचा, असे लॅपटॉप तीन. डेस्कटॉप, प्रिंटर, टीव्ही. कॅमेरे दोन. तेरा झाले. उरतात दोन. काकूंचा फोन आणि नातवाचा टॅब, असा माझा अंदाज आहे. एकदा जोडलेला फोन ते नेटवर्क विसरत नाही, ओळखीचं दिसलं की न विचारता जोडला जातो. काकूंकडे स्वतःची वायर आलेली असेल तर आपण अजून तुमच्या वाय-फायवर आहोत हे त्यांना ठाऊकही नसेल.

तरीही पासवर्ड बदलायला हवा. संशय म्हणून नाही, तर तो पासवर्ड आता कुठे कुठे गेलाय हे काकूंनाही सांगता येणार नाही म्हणून. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. तपास पोचला नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरात. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, त्याचं वाय-फाय कुणीतरी वापरलं होतं. पण चौकशीला सामोरं त्यालाच जावं लागलं. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या दारावर आधी टकटक होते. तुमच्या घरी तर व्यापाऱ्यांचे कागदही आहेत.

लॉकडाऊनमध्ये त्या मुलाला पासवर्ड दिलात ते योग्यच केलंत, त्याबद्दल मनात काही ठेवू नका. आता काकूंना 'नाही' म्हणायचंच नाहीये. रविवारी आधी घरचा पासवर्ड बदला, मग मुलाला घेऊन चहाच्या वेळी खाली जा आणि सरळ सांगा: "काकू, राउटरचं काम केलं, पासवर्ड बदललाय. तुमचे फोन अजून आमच्यावर जोडलेले होते, बघू या का?" वायर त्यांची स्वतःची असेल तर मुलाने दोन्ही उपकरणांतून तुमचं जुनं नाव काढून त्यांचं जोडून द्यावं. नसेल, आणि नातवाची परीक्षा जवळ असेल, तर त्यांचं कनेक्शन येईपर्यंत गेस्टचा पासवर्ड द्या, तारीख ठरवून द्या, आणि त्या दिवशी बदला. आणि वायर त्यांची असली तर उठण्याआधी त्यांच्या राउटरचंही सेटिंग उघडून पाहायला मुलाला सांगा. पासवर्ड बहुधा काकूंचा मोबाईल नंबरच निघेल.